बडोदे, बडोदा की वडोदरा?

गेल्या वर्षी याच स्मरणिकेच्या मुखपृष्ठावरून कार्यकारिणीच्या सभेत पाऊण तास गेला. विषय वरकरणी किरकोळ होता. मंडळाच्या नावाखाली गावाचे नाव काय छापायचे? तरुण मंडळींचे म्हणणे असे की नोंदणीच्या कागदावर वडोदरा आहे, जाहिरातदार वडोदरा लिहून पाठवतात, तेव्हा तेच छापा. त्यावर एका ज्येष्ठ काकूंनी ठणकावून सांगितले, "मी लग्न होऊन बडोद्याला आले, वडोदऱ्याला नाही. बडोदेच छापा." खजिनदारांनी मधला मार्ग म्हणून बडोदा सुचवले आणि दोन्ही पक्ष एकदम त्यांच्यावर उलटले. शेवटी चहा आला आणि विषय तसाच राहिला. छापून आलेल्या अंकात मुखपृष्ठावर वडोदरा, अनुक्रमणिकेच्या पानावर बडोदे आणि कार्यक्रमपत्रिकेत बडोदा अशी तिन्ही नावे सुखाने नांदत होती. कोणीही तक्रार केली नाही, कारण बहुधा कोणाच्या लक्षातच आले नाही.

ही हकीकत घरी नातवाला सांगितली. तो मोबाइलमधून मान वर न करता म्हणाला, "आजोबा, विकिपीडियावर हेच रोज चालतं. आणि कोण कधी काय म्हणालं, ते सगळं तिथे वाचायला मिळतं." मी चाळीस वर्षे हिशेब लिहिले. ज्या चोपड्यात खाडाखोड चालत नाही, चुकले तर रेघ मारून वर दुरुस्ती आणि बाजूला सही करावी लागते, त्या चोपड्यावर माझा विश्वास बसतो. म्हणून दुसऱ्या दिवशी त्याच्याकडून ही वाट समजून घेतली आणि वर्षभर फावल्या वेळात वाचत राहिलो. गावांच्या नावांचा इतिहास अनेकांनी लिहिला आहे. पण नाव बदलायचे की नाही याचा वाद घालणाऱ्या माणसांचा इतिहास इतका बारकाईने नोंदलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

आधी आपल्या गावाचे पाहू. राष्ट्रकूट घराण्यातील कर्कराजाचा इ. स. ८१२ चा ताम्रपट आहे. त्यात वटपद्रक या गावाचे दान दिलेले आहे आणि ते गाव अंकोट्टक या मोठ्या ठाण्याच्या हद्दीतले म्हटले आहे. अंकोट्टक म्हणजे आजचे अकोटा. म्हणजे तेव्हा अकोटा मोठे होते आणि आपण त्याच्या पदरचे खेडे होतो. वडाच्या झाडांवरून पडलेले ते नाव गुजरातीत वडोदरा झाले, मराठीत बडोदे झाले, इंग्रजांच्या तोंडी बरोडा झाले. १९७४ साली सरकारने वडोदरा हे नाव अधिकृत केले. त्यात गैर काही नाही, ते नाव मुळाशी जास्त जवळचे आहे. पण बँक ऑफ बडोदा बडोद्याचीच राहिली, महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या इंग्रजी नावातले बरोडा तसेच राहिले, आणि रेल्वेच्या तिकिटावर वडोदरा जंक्शनचा संकेत आजही बीआरसी असा छापून येतो. हिराबाई बडोदेकरांना कोणी वडोदरेकर केले नाही, हे आपले भाग्य.

छापील ज्ञानकोशात असल्या प्रश्नाचा निकाल संपादक लावत असे. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे तेवीस खंड उभे केले तेव्हा कोणती नोंद कोणत्या नावाखाली जाईल हे ते आणि त्यांचे मंडळ ठरवीत. वाईच्या मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली निघाला, तेथेही तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी आणि त्यांचे सहकारी होते. एकदा खंड बांधला गेला की नोंदीचे नाव पुढच्या आवृत्तीपर्यंत पक्के. विकिपीडिया २००१ साली सुरू झाला तो प्रमुख संपादकाविनाच. लिहिणारे कोणीही, सुधारणारे कोणीही. मजकुरात दोन नावे शेजारी शेजारी देता येतात, अमुक ऊर्फ तमुक असे लिहून दोघांचे समाधान करता येते. मथळ्यात मात्र ही सोय नाही. एका लेखाला मथळा एकच. त्यामुळे सगळी भांडणे वाहत वाहत मथळ्यापाशी येऊन तुंबतात.

इंग्रजी विकिपीडियाने त्यावर जो नियम काढला तो थोडक्यात असा. लेखाला ते नाव द्यावे जे विश्वसनीय इंग्रजी लेखनात सर्वांत जास्त रुळलेले आहे. ते अधिकृत असेलच असे नाही, सर्वांत जुने किंवा व्युत्पत्तीने शुद्ध असेलच असेही नाही. आदरार्थी उपाधीही साधारणपणे लावत नाहीत. ज्यांनी आपल्याला हा सार्वजनिक उत्सव दिला त्या लोकमान्यांवरचा लेख तिथे बाळ गंगाधर टिळक या नावानेच आहे. गांधीजींवरचा लेख सुरुवातीची काही वर्षे मोहनदास करमचंद गांधी या नावाने होता, तो पुढे महात्मा गांधी झाला. मान वाढवला म्हणून हा बदल झाला नाही. जगाने ती उपाधीच नाव म्हणून स्वीकारली, म्हणून झाला. मला हे प्रथम खटकले. आपल्याला वाटते, सरकारी राजपत्रात आले म्हणजे झाले. विकिपीडियावाले म्हणतात, राजपत्र वाचले, आता लोक काय लिहितात ते दाखवा.

या विचाराची पहिली मोठी कसोटी लागली ती पोलंडमधल्या एका बंदरावर. आज त्याचे नाव ग्दान्स्क. जर्मन भाषेत डान्झिग. शहराचा पहिला लेखी उल्लेख इ. स. ९९७ चा, तेव्हा ते स्लाव्ह लोकांचे होते. १३०८ साली ट्यूटॉनिक नाइट्स या जर्मन धर्मयोद्ध्यांनी ते कत्तल करून घेतले. १४५४ साली शहराने त्यांच्याविरुद्ध बंड केले आणि १४६६ च्या तहाने ते पोलंडच्या राजाच्या छत्राखाली आले, पण व्यापारी, कारागीर, नगरपिते जर्मन बोलणारेच राहिले. १७९३ मध्ये प्रशियाने ते गिळले. पहिल्या महायुद्धानंतर राष्ट्रसंघाच्या देखरेखीखाली ते स्वतंत्र नगर झाले. १ सप्टेंबर १९३९ रोजी दुसऱ्या महायुद्धाच्या पहिल्या तोफा तेथेच वाजल्या. १९४५ नंतर जर्मन रहिवासी गेले किंवा घालवले गेले, त्यांच्या घरांत पोलिश कुटुंबे आली, आणि १९८० साली तिथल्याच गोदीत लेक वालेसाने संप पुकारला.

आता सांगा, तापमापक बनवणारा फॅरनहाइट १६८६ साली कुठे जन्मला? तत्त्वज्ञ शोपेनहॉवर १७८८ साली कुठे जन्मला? पोलिश लेखक लिहायचा ग्दान्स्कला. जर्मन लेखक येऊन ते खोडायचा आणि डान्झिग लिहायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा ग्दान्स्क. एका लेखात नव्हे, शेकडो लेखांत, वर्षानुवर्षे. दोन्हीकडची माणसे शिकलेली आणि दोघांच्याही घरात युद्धाच्या आठवणी. एकाचे आजोबा त्या शहरातून हाकलले गेलेले, दुसऱ्याचे आजोबा भलत्याच गावातून हाकलले जाऊन तिथे आलेले. भांडण स्पेलिंगचे दिसत होते, पण नाव सोडणे म्हणजे आजोबांचे घर सोडणे असे दोघांनाही वाटत होते.

२००५ च्या सुरुवातीला शेवटी त्यांनी मतदान घेतले. विकिपीडियावर सहसा मतांची मोजणी करून निर्णय होत नाहीत, पण इथे दुसरा इलाज उरला नव्हता. आणि मतदानाची आखणी करताना त्यांनी एक शहाणपणा केला. हे नाव की ते नाव, असा एकच प्रश्न न विचारता इतिहासाचे कालखंड पाडले आणि प्रत्येक कालखंडावर वेगळे मत मागवले. निकाल असा लागला की १३०८ पूर्वीच्या काळाविषयी लिहिताना ग्दान्स्क, १३०८ ते १९४५ डान्झिग, आणि १९४५ नंतर पुन्हा ग्दान्स्क. चरित्रात माणूस स्पष्टपणे जर्मन असेल तर डान्झिग लिहून कंसात ग्दान्स्क, स्पष्टपणे पोलिश असेल तर त्याच्या उलट. लेखाचा मथळा अर्थात आजच्या नावाचा.

यातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे १४६६ ते १७९३ हा काळ. तेव्हा सत्ता पोलंडच्या राजाची होती, तरी नाव ठरले डान्झिग. राज्य कोणाचे यावर नाव ठरले नाही, त्या काळच्या शहराला लेखनात कोणत्या नावाने ओळखतात यावर ठरले. हा निकाल सगळ्यांना पटला असे नाही. अजूनही कोणी तरी येऊन कुरबुर करतो. पण रोजची खोडाखोड थांबली, कारण त्याला दाखवायला एक पान तयार आहे.

दुसरी कथा युक्रेनच्या राजधानीची, आणि ती चिकाटीची आहे. रशियन उच्चारावरून इंग्रजीत रुळलेले नाव किएव. युक्रेनियन उच्चार क्यीव. देश स्वतंत्र झाल्यावर १९९५ साली युक्रेन सरकारने लॅटिन लिपीतले आपले स्पेलिंग अधिकृतपणे क्यीवचे ठरवले. विकिपीडियावर लेख किएव नावाने होता. नाव बदलण्याचे अर्ज पुन्हा पुन्हा येत आणि पुन्हा पुन्हा फेटाळले जात. विरोध करणाऱ्यांचे म्हणणे युक्रेनच्या विरोधातले नव्हते. ते म्हणत, आपण इंग्रजीत रोम म्हणतो, रोमा म्हणत नाही, वॉर्सा म्हणतो, वर्शावा म्हणत नाही. इंग्रजी वर्तमानपत्रे अजून किएव लिहितात, ती बदलली की आम्हीही बदलू. एका टप्प्यावर तर त्याच त्या चर्चेला कंटाळून ठरावीक मुदतीपर्यंत नवा अर्जच करायचा नाही अशी बंदी घातली गेली.

युक्रेनच्या बाजूच्या लोकांना हे किती झोंबत असेल याची कल्पना करा. आमच्या शहराचे नाव आम्ही सांगतो आहोत आणि तुम्ही वर्तमानपत्रांच्या कात्रणांची मोजदाद करता? पण त्यांच्यातल्या शहाण्यांनी विकिपीडियाशी भांडणे कमी केले आणि वर्तमानपत्रांकडे मोर्चा वळवला. २०१८ साली युक्रेनच्या परराष्ट्र खात्याने त्यासाठी मोहीमच उघडली. २०१९ च्या जूनमध्ये अमेरिकेच्या भौगोलिक नामे ठरवणाऱ्या मंडळाने क्यीव स्वीकारले, ऑगस्टमध्ये असोसिएटेड प्रेसने, आणि वर्ष संपायच्या आत बीबीसी, न्यूयॉर्क टाइम्स वगैरे एकामागून एक आले. मग पुन्हा अर्ज झाला, पुन्हा चर्चा झाली, आणि सप्टेंबर २०२० मध्ये लेखाचे नाव क्यीव झाले. अनेकांना वाटते की हे रशियाच्या २०२२ च्या आक्रमणानंतर सहानुभूतीपोटी झाले. तसे नाही, दीड वर्ष आधीच झाले होते. मात्र दुसऱ्या महायुद्धातली १९४१ ची लढाई असे जे जुने ऐतिहासिक विषय, तिथे जुने स्पेलिंग ठेवायची मुभा राहिली. पुन्हा तेच, आजचे नाव आजच्या शहराला, कालचे नाव कालच्या घटनेला.

सगळेच वाद असे काळजाचे नसतात. इंग्रजीत दह्याला जो शब्द आहे त्यात एच घालायचा की नाही यावर २००३ ते २०११ अशी आठ वर्षे वाद चालला. अमेरिकन एच घालत नाहीत, ब्रिटिश बऱ्याचदा घालतात. शेवटी एच गेला. स्टार ट्रेकच्या एका चित्रपटाच्या नावात इन्टू या शब्दाचे पहिले अक्षर मोठे की छोटे, यावर २०१३ च्या आसपास सुमारे चाळीस हजार शब्दांची चर्चा झाली. आपली ही अख्खी स्मरणिका त्यात दोनदा मावेल. माणसे रिकामटेकडी आहेत असे सौ.चे मत पडले. मी गप्प बसलो, कारण आमच्या कार्यकारिणीचा पाऊण तास मला आठवत होता.

उत्तर आयर्लंडमधल्या एका शहराचा तोडगा मात्र सांगायलाच हवा. तिथले कॅथलिक आयरिश लोक शहराला डेरी म्हणतात, ब्रिटनशी निष्ठा असलेले प्रोटेस्टंट लंडनडेरी. १६१३ च्या सनदेने लंडन हा उपसर्ग जोडला गेला. १९८४ साली नगरपालिकेने आपले नाव डेरी केले, पण शहराचे कायदेशीर नाव लंडनडेरीच आहे असे न्यायालयाने २००७ मध्ये सांगितले. तिथे माणूस कोणते नाव उच्चारतो यावरून त्याचा धर्म आणि राजकारण ओळखतात. दोन नावांमध्ये तिरकी रेघ मारून लिहितात म्हणून एका रेडिओवाल्याने थट्टेने त्याला रेघेचे शहर म्हटले. विकिपीडियाच्या संपादकांनी काय केले? शहराचा लेख डेरी, त्याच नावाच्या जिल्ह्याचा लेख काउंटी लंडनडेरी. तर्काच्या कसोटीवर हे टिकत नाही, पण दोन्ही बाजूंना सारखेच कमी मिळाले आणि तोडगा टिकला. खजिनदारांचा बडोदा असाच टिकला असता, त्यांना धीर कमी पडला.

आपल्या देशात नावे इतक्या झपाट्याने बदलली की इंग्रजी विकिपीडियाची दमछाक झाली. बॉम्बेची मुंबई १९९५ साली झाली, आणि इंग्रजी लेखनात ते नाव लवकर रुळले, त्यामुळे शहराचा लेख मुंबई नावाने आहे. पण उच्च न्यायालय आजही अधिकृतपणे बॉम्बे हायकोर्ट आहे, पवईची संस्था आयआयटी बॉम्बे आहे, म्हणून त्यांचे लेख त्या नावांनी. एकच शहर, दोन नावे, आणि दोन्ही बरोबर. आपल्या बाबतीत शहर वडोदरा, पण संस्थानाचा लेख बरोडा स्टेट. गंगेचा लेख मात्र इंग्रजांच्या गँजेस या नावाखालीच आहे. अर्ज अनेकदा झाले, दरवेळी फेटाळले गेले. कर्नाटक सरकारने १ नोव्हेंबर २०१४ रोजी बारा शहरांची नावे बदलली. त्यात बंगलोरचे बंगळुरू होते आणि आमच्या व्याह्यांच्या बेळगावचे बेळगावीही. बंगलोरवरचा इंग्रजी लेख त्यानंतरही कितीतरी वर्षे जुन्या नावानेच चालला. औरंगाबादच्या नामांतराला केंद्राची मंजुरी फेब्रुवारी २०२३ मध्ये आली आणि त्या लेखाच्या चर्चा पानावर अर्जांची रीघ लागली. नाव बदलण्याच्या बाजूचे म्हणत, ही गुलामीची भाषा आहे. विरोधातले म्हणत, हे राजकारण आहे. अनुभवी संपादक दोघांनाही एकच सांगत, भावना समजल्या, आता पुरावे दाखवा. आणि एक न्याय्य पोटनियमही आहे. नाव अधिकृतपणे बदलल्यावर जे लेखन झाले त्याला जास्त वजन द्यायचे, नाहीतर शंभर वर्षांच्या जुन्या पुस्तकांच्या ओझ्याखाली नवे नाव कधीच वर येणार नाही.

हे सगळे चालते कसे? साध्या प्रकरणात, म्हणजे शुद्धलेखनाची चूक वगैरे, कोणीही थोडा जुना झालेला सदस्य लेखाचे नाव बदलू शकतो. इंग्रजी विकिपीडियावर त्यासाठी खाते चार दिवसांचे आणि दहा संपादने झालेले असावे लागते. २००४-०५ च्या सुमारास कोणा खोडकराने एकामागून एक लेखांच्या नावांना 'चाकांवर' असे शेपूट जोडून उच्छाद मांडला होता, तेव्हा एवढा अडसर हवाच. वाद होण्यासारखे असेल तर चर्चा पानावर अर्ज करायचा. सात दिवस लोक बाजू मांडतात, कारण देऊन. मग ज्याने त्या चर्चेत भाग घेतलेला नाही असा कोणी तरी जाणता संपादक सगळे वाचून निकाल लिहितो. हात मोजत नाहीत, मुद्दे तोलतात. बाहेरून माणसे गोळा करून आणली, किंवा एकाच माणसाने चार खाती काढून चार मते दिली, तर ती बाद. एकमत झाले नाही तर लेख आहे त्या नावाने राहतो.

आणि नाव बदलले तरी जुने नाव पुसले जात नाही. तिथे एक वाटाड्या उभा राहतो. बॉम्बे शोधा, तो तुम्हाला मुंबईच्या दारात नेऊन सोडतो. लेखाचा पहिल्या दिवसापासूनचा इतिहास लेखाबरोबर नव्या नावाखाली जातो, आणि कोणी, कधी, काय कारण देऊन नाव बदलले त्याची नोंद कायम राहते. खतावणीची पाने बदलली तरी रोजकीर्द जाग्यावर, तसे.

या शेवटच्या मुद्द्याचे महत्त्व मला फजिती होऊन कळले. मराठी विकिपीडिया २००३ पासून आहे. तिथली परिभाषा वाचूनच मी खूश झालो होतो. नाव बदलणे म्हणजे स्थानांतरण, वाटाड्या म्हणजे पुनर्निर्देशन, कारभार पाहणारे प्रचालक, आणि सार्वजनिक चर्चेची जागा म्हणजे चक्क चावडी. १९३१ साली सयाजीराव महाराजांनी 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू' करवून घेतला, कारभाराचे शब्द आठ भाषांत शेजारी शेजारी मांडले. ज्या गावात हे झाले तिथल्या माणसाला चावडी शब्दाने उचंबळून येणारच. आमच्या भागातल्या एका जुन्या वाड्यावरचा चार ओळींचा लेख मला दिसला. नाव गुजराती पाटीवरून उतरवलेले, घराण्याचे लोक वेगळे लिहितात. मी उत्साहाने बरोबर नावाचे नवे पान उघडले, जुन्या पानावरचा मजकूर उचलून तिथे चिकटवला, जुने पान कोरे केले आणि समाधानाने जेवायला बसलो.

जेवण होईपर्यंत सगळे पूर्ववत झाले होते. माझ्या नावाने एक नम्र निरोप होता. असे चिकटवू नये, त्याने इतिहास तुटतो. ज्यांनी आधी त्या चार ओळी लिहिल्या त्यांचे श्रेय नव्या पानावर दिसत नाही, आणि ते दिसणे परवान्याची अट आहे. स्थानांतरणाची रीत वापरा, आणि वाद असेल तर चर्चा पानावर पुरावा द्या. मला राग आला. ऐंशीच्या घरातल्या माणसाला कोण शिकवतो? मग लक्षात आले की मी जे केले ते आमच्या कचेरीत एखाद्या कनिष्ठाने केले असते, दुसऱ्याच्या हातच्या नोंदी आपल्या अक्षरात उतरवून जुने पान फाडले असते, तर मी त्याला उभा आडवा घेतला असता.

पुरावा द्या म्हटल्यावर मी माळ्यावरची पेटी काढली. मंडळाच्या जुन्या स्मरणिका, वर्गणीच्या पावत्या, दोन लग्नपत्रिका, एक श्राद्धाची यादी. त्या वाड्याचे नाव मला चार तऱ्हांनी लिहिलेले सापडले. दोन ठिकाणी अनुस्वार, एका ठिकाणी कर हा प्रत्यय, एकात साफ वेगळे. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी कितीतरी अनुस्वार गेले, पण आपल्यासारख्या महाराष्ट्राबाहेरच्या घरांपर्यंत ती बातमी सावकाश पोचली, हे त्या पावत्यांवरून उघड दिसते. मी चर्चा पानावर चारही दिले. वाद मिटला नाही, लेख जुन्याच नावाने आहे. म्हणूनच वाड्याचे नाव इथे लिहीत नाही.

शिवाय, पावत्या आणि स्मरणिका यांना तिथे फार वजन नाही. पुस्तक, वर्तमानपत्र, अभ्यासकाचा लेख असे काही हवे, आणि तेही इतरांना पडताळून पाहता येईल असे. इथे मला आपली अडचण दिसली. प्रत्येक भाषेचा विकिपीडिया आपले मथळे आपल्या भाषेच्या वापरावरून ठरवतो. जर्मन विकिपीडियावर त्या पोलिश बंदराचा लेख आजही डान्झिग नावाने आहे आणि पोलंडमध्ये त्यावरून कोणी दगड मारत नाही, कारण पोलिश लोकही म्युनिकला मोनाखियुम म्हणतात. त्या न्यायाने मराठीत बडोदे म्हणायला कोणाची हरकत असायचे कारण नाही. भरूचला भडोच, इंदौरला इंदूर, ग्वालियरला ग्वाल्हेर, झांसीला झाशी म्हणण्याचा मराठीचा तोच हक्क आहे. पण हक्क सिद्ध व्हायचा तो छापील वापराने. आज महाराष्ट्रातली मराठी वर्तमानपत्रे कधी बडोदा लिहितात, कधी वडोदरा. बडोदे लिहिणारे कोण उरले? आपण. आणि आपण जे छापतो ते कोणत्याही ग्रंथालयात नाही, ते माळ्यावर आहे. २०१८ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन आपल्या गावी झाले, त्याची कात्रणे तरी कोणी नीट ठेवली आहेत का, हे मी चार घरी विचारले. एकाने दिवाळीच्या आवराआवरीत रद्दीत दिली होती.

यंदाच्या कार्यकारिणीत मी दोन गोष्टी मांडल्या. पहिली, ज्यांच्या घरी मंडळाच्या १९८० पूर्वीच्या स्मरणिका, नाटकांची हस्तपत्रके, संस्थानकाळातली मराठी छापील पुस्तके असतील त्यांनी ती उत्सवाच्या दिवसांत मंडपात आणून द्यावी. नातू आणि त्याचे मित्र पानापानाचे छायाचित्र घेतील, वस्तू त्याच संध्याकाळी परत मिळेल, पावतीसह. पावती मी लिहीन. ही गोष्ट एकमताने मंजूर झाली. दुसरी गोष्ट मुखपृष्ठाची. तिच्यावर या वेळी पन्नास मिनिटे गेली, काकूंनी मागच्या वर्षीचेच वाक्य पुन्हा म्हटले, खजिनदार या खेपेला गप्प राहिले. सभेचे इतिवृत्त मीच लिहिले आहे, कोण काय म्हणाले ते नावानिशी त्यात आहे. मुखपृष्ठावर काय छापले ते तुमच्या हातात आहेच.